जर्मन, मुक्काम पोस्ट हालोल

बडोद्यात नवी गाडी घेतलेल्याकडे लोक पेढे मागतात आणि जुनी गाडी ठेवलेल्याकडे खुलासा. पेढे देऊन मोकळं होता येतं, खुलासा जन्मभर पुरतो. प्रतापनगरात माझ्या दारासमोर पंचविशी ओलांडलेली ओपेल ॲस्ट्रा उभी असते, आणि जगात एकूण तीनच प्रश्न आहेत अशी तिच्यामुळे माझी खात्री होत चालली आहे. "चालू आहे का?", "ॲव्हरेज किती देते?" आणि "काढायची आहे का?" पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच असतं : "सध्या नाही." दुसऱ्याचं उत्तर मी बायकोसमोर देत नाही.

खरं तर प्रतापनगरात तरी हे प्रश्न पडायला नकोत. इथे रेल्वेने नॅरोगेजच्या जमान्यातला ऐवज रंगवून, पाट्या लावून, बागेत मांडून ठेवला आहे. लोक मुलाबाळांना घेऊन येतात, म्हाताऱ्या इंजिनाला टेकून फोटो काढतात. त्या इंजिनाचं ॲव्हरेज विचारताना मी कोणाला पाहिलेलं नाही. ते वर्षानुवर्षं जागचं हललेलं नाही, तरी तो वारसा. माझी गाडी मंगळवारीच पाणीगेटपर्यंत जाऊन आली, तरी ते भंगार. परत आली तीही स्वतःच्या चाकांवर, हे मुद्दाम नमूद करतो.

पंचविशीच्या आतल्या पोरांनी ओपेल हे नावच ऐकलेलं नाही. ग्रिलवर वर्तुळातली आडवी वीज बघून शेजारच्या एकाने विचारलं, "काका, तुम्ही वीज कंपनीत होता का?" वीज कंपनीचं मुख्य कार्यालय बडोद्यातच असल्यामुळे शंका अगदीच निराधार नव्हती. दुसऱ्याने तर ही चार्जिंगला किती वेळ घेते ते विचारलं. त्याला मी खरं तेच सांगितलं : "रात्रभर." बॅटरी खरोखरच रात्रभर लावून ठेवावी लागते.

माझे साडू पुण्याचे. त्यांच्याकडे मर्सिडीज डब्ल्यू-१२४ आहे, म्हणजे १९९५ पासून पिंपरीला टेल्कोच्या कारखान्यात जोडली जायची ती. त्यांच्या मते जर्मन गाडी भारतात एकदाच आली आणि ती पुण्यात आली. माझी ॲस्ट्रा त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "ओपेल? ही शिलाई मशीनवाली कंपनी ना?"

पुणेकराचा खरा त्रास हा, की तो बरोबर असतो. ॲडम ओपेल यांनी १८६२ मध्ये र्‍युसेल्सहाइमला शिलाई यंत्रंच बनवायला घेतली होती. पुढे सायकली आल्या आणि मोटारी यायला १८९९ उजाडलं. पण मीही गायकवाडांच्या राज्यातला. म्हटलं, "१८६२ सालीच आमच्या खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम रेल्वे घातली आणि ती बैल ओढत होते. पुढच्या वर्षी विलायतेहून इंजिन आणलं तर रूळ त्याच्या वजनाला पुरे पडेनात, म्हणून परत बैल. सुरुवात कशाने झाली, याला आमच्या गावात कोणी हसत नाही."

"अच्छा," साडू म्हणाले, "म्हणजे गाडी बंद पडली की बैल लावायची पद्धत तिथली आहे तर."

आता ही गाडी जर्मन तरी कितपत, ते पाहू. १९२९ मध्ये जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने ओपेलचा ८० टक्के हिस्सा घेतला, म्हणजे जर्मनपणाला पहिला धक्का जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच बसला. १९९४ मध्ये जनरल मोटर्सने भारतात हिंदुस्तान मोटर्सशी, म्हणजे आपल्या अँबॅसडरवाल्यांशी, भागीदारी केली आणि १९९६ पासून ॲस्ट्रा बनू लागली ती हालोलला. बडोद्यापासून चाळीसेक किलोमीटर, पावागडच्या वाटेवर. डिझेल ॲस्ट्राचं इंजिन तर चक्क इसुझूचं, जपानी. २००० मध्ये कोर्सा आली, २००६ मध्ये ओपेल हे नावच भारतातून गेलं, आणि एप्रिल २०१७ मध्ये हालोलच्या कारखान्यालाही टाळं लागलं. त्याच वर्षी तिकडे ओपेल फ्रेंचांनी विकत घेतली. हालोलच्या त्याच कारखान्यात आता एमजीच्या गाड्या बनतात : नाव इंग्रजी, भांडवल चिनी आणि जिंदालांचं, कामगार पंचमहालचे. पावागडला देवीच्या दर्शनाला जाताना त्या गेटवरून जावं लागतं. तिथे गाडी हमखास एक आचका देते. माझे मेकॅनिक उस्ताद म्हणतात पेट्रोल फिल्टर चोंदलाय. असेल.

अमेरिकेच्या पैशाने, कोलकात्याच्या भागीदारीत, गुजरातेत जन्मलेली ही गाडी जर्मन म्हणायची कशी, असं साडू विचारतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पिलाजीराव गायकवाडांच्या मागोमाग आमचे पूर्वज इकडे आले, तेव्हापासून आम्हीही मराठीच आहोत. घरात वरणभाताच्या शेजारी हांडवो असतो, "मला हे फावत नाही" असं आई अस्सल मराठी समजून म्हणते, आणि पुण्यात तोंड उघडलं की रिक्षावाला "कुठून आलात?" विचारून मगच मीटर टाकतो. आम्ही जितके मराठी तितकी ही जर्मन. आराखडा तिकडचा, झीज झाली तेव्हा तेव्हा जे इथे मिळालं ते बसवत आलो.

आणि काय मिळतं ते शोधायला कुंडली काढावी लागते. देवूची सिएलो आठवते? ती मुळात ओपेलच्या कॅडेटवर बेतलेली, आणि कॅडेट म्हणजे ॲस्ट्राच्या आधीची पिढी. तेव्हा सिएलो ही आमची कोरियात दिलेली चुलत बहीण. पुढे शेवरोले एव्हिओचं पेट्रोल इंजिन आलं तेही याच घराण्यातलं. पण हे गोत्र दुकानदाराला थेट सांगून उपयोग नाही. "ॲस्ट्राचा वॉटर पंप" मागितला की तो मान न उचलता नाही म्हणतो. "सिएलोचा आहे का?" म्हटलं की आधी हसतो, मग माळ्यावर पोऱ्या चढवतो. पोऱ्या डबा खाली टाकतो, मालक त्याच्यावर फुंकर मारतो, धूळ माझ्या चष्म्यावर बसते आणि तो म्हणतो, "छेल्लो पीस छे, काका." त्याच्याकडून आजवर घेतलेला प्रत्येक पीस छेल्लाच होता.

उस्तादांचं गॅरेज वाडीच्या बाजूला. बोर्ड नाही, असायची गरजही नाही, कारण तिथे नवी गाडी कधी दिसत नाही. उस्ताद स्कॅनर वापरत नाहीत. इंजिन चालू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवतात, मूठ कानाशी धरतात आणि डोळे मिटतात. पोऱ्या धावत जाऊन रेडिओ बंद करतो. समोरचा पानवालाही त्या वेळी सुपारी कातरायची थांबतो, असा मला भास होतो. मग उस्ताद डोळे उघडून एवढंच म्हणतात, "टॅपेट नहीं है. आल्टरनेटर की बेअरिंग है." बेअरिंगच असते. मी मराठीत विचारतो, ते हिंदीत सांगतात, पोऱ्या गुजरातीत दुजोरा देतो. बिल मात्र तिन्ही भाषांत एकच येतं.

उस्तादांचा जर्मनांवर एक राग आहे. साध्या षटकोनी डोक्याचा बोल्ट चालला असता अशा कितीतरी जागी त्यांनी ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे बोल्ट घातले आहेत. दहा, बारा, चौदा नंबरचे पाने घेऊन आयुष्य काढलेल्या माणसाला हा अपमान वाटतो. "ये गोरे लोग को मेकॅनिक पे भरोसा नहीं था," ते म्हणतात. मग पेटीच्या तळाशी हात घालून तोच स्टारचा पाना काढतात, कारण फक्त आमच्यासाठी म्हणून तो त्यांनी कधीच आणून ठेवला आहे.

भरोसा नसण्याचा आणखी पुरावा म्हणजे रिव्हर्स गिअर. ओपेलमध्ये नॉबच्या खाली एक रिंग असते. ती दोन बोटांनी वर उचलून धरायची आणि मग गिअर डावीकडे नेऊन पुढे ढकलायचा. हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. लग्नाच्या हॉलवर पार्किंगवाला माझ्या हातून चावी हिसकावतोच : "साहेब, तुम्ही जा आत, जेवा." मी रिंगबद्दल सांगू लागतो, तो हात हलवतो. मी हॉलच्या दारातून मागे वळून पाहतो. त्याने गाडी झोकात नेऊन भिंतीसमोर आणलेली असते. आता तो रिव्हर्स टाकतो, गाडी वीतभर पुढे जाते. पुन्हा टाकतो, पुन्हा वीतभर. भिंत आणि बंपर यांच्यात आता तळहात मावणार नाही. तो खाली उतरतो, टोपी काढतो, गाडीकडे बघतो. शेवटी मुलीकडचे दोघे आणि केटरिंगचा एक असे तिघे मिळून गाडी मागे ढकलतात आणि माझ्याकडे बघून विचारतात ते ठरलेलंच : "चालू नथी?" एक मात्र आहे. उद्या चोराने ही नेली तरी नाकाच्या दिशेनेच नेता येईल. शिवाय हिचा इंडिकेटर डावीकडे आणि वायपर उजवीकडे. सवय नसलेला माणूस वळताना वायपर फिरवतो. भर मे महिन्यात कोरड्या काचेवर वायपर घासत माझी गाडी वळताना दिसली, तर आत मी नाही, भाचा आहे असं समजावं.

एका सकाळी इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. हल्ली अशा वेळी लॅपटॉप जोडतात. त्या काळच्या ओपेलला लॅपटॉपची गरज नाही. दहा खाचांचं एक कनेक्टर असतं. त्यातल्या ठरलेल्या दोन खाचा तारेने जोडायच्या, इंजिन चालू न करता चावी नुसती फिरवायची आणि तो दिवा किती वेळा मिचकावतो ते मोजायचं. घरात हवी तेव्हा तार सापडत नाही. हिने अंबाड्यातला आकडा काढून माझ्यापुढे धरला. तो खाचांत असा बसला, की जणू र्‍युसेल्सहाइमच्या इंजिनिअरांनी तो समोर ठेवूनच कनेक्टर आखलं होतं. दिवा एकदा लागला. थांबला. पाठोपाठ दोनदा लागला. हेच आणखी दोनदा झालं. म्हणजे १२ नंबर, आणि त्याचा अर्थ एवढाच की तपासणी सुरू झाली. हे जर्मनच करू जाणे : दुखणं सांगण्याआधी आपण दुखणं सांगणार आहोत, हे तीनदा सांगायचं. त्यानंतर दोन, आणि थांबून चार. ही दुधाच्या हिशेबाच्या वहीवर रेघा मारत होती.

"चोवीस," ती म्हणाली.

मी यादीत पाहिलं. २४ : वेगाचा सिग्नल मिळत नाही.

"म्हणजे ही किती वेगाने चाललीय ते हिलाच कळत नाहीये?"

"हो."

"मला विचार म्हणावं."

उस्तादांनी खारीने कुरतडलेली वायर शोधून जोडली आणि दिवा गेला. आकडा माझ्या टूल बॉक्समध्ये राहिला. ती तो परत मागत नाही, पण हिशेबात धरते.

तेव्हा मी तिला बर्था बेंझ बाईंची हकीकत सांगितली. नवरा कार्ल बेंझ याने मोटार बनवली, पण ती घेऊन लांब जायचं धाडस त्याला होईना. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई त्याला न सांगता दोन मुलांना घेऊन निघाली आणि मानहाइमहून शंभरावर किलोमीटर दूर फोर्ट्सहाइमला माहेरी पोचली. वाटेत पेट्रोलची नळी चोंदली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. विजेची तार उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं ते वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. म्हणजे जर्मन गाडी रस्त्यात दुरुस्त करण्याचं शास्त्र एका बाईने टाचणीने सुरू केलं आहे.

"आणि नवरा?" हिने विचारलं.

"घरी. त्याला सांगितलंच नव्हतं."

"म्हणून पोचली," ही म्हणाली आणि आत गेली.

खालच्या आर्मचे बुश गेले तेव्हा माळ्यावरचा छेल्ला पीसही संपला होता. पण बडोद्यात पार्ट मिळाला नाही म्हणून रडायचं नसतं. मकरपुरा जीआयडीसीत जायचं असतं. रिफायनरीपासून खत कारखान्यापर्यंत सगळ्यांचे पंप आणि व्हॉल्व्ह ज्यांच्या लेथवरून जातात, तिथल्या कारागिराला तुमच्या गाडीचं कौतुक नसतं. माप द्या आणि बोला. मी जुना बुश पुढे केला. त्याने तो अंगठ्याने पुसला, व्हर्नियर लावला, नाक मुरडलं आणि विचारलं,

"केटला नंग?"

"बे."

"बसो?"

"ना. बे."

तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग चकमध्ये नायलॉनचा दांडा लावला, टूल टेकवलं आणि पांढरी शुभ्र सालं गोल गोल निघू लागली. त्याने मधेच थांबून व्हर्नियर लावला, केसाएवढं आणखी घेतलं, बुश काढून माझ्या तळहातावर ठेवला. अजून गरम होता. पैसे विचारले तर म्हणाला, दोन नगाचं बिल कसं बनवतात ते त्याला माहीत नाही, चहा पाजा. मूळचा बुश रबराचा होता, तो रस्त्याचे धक्के स्वतःच्या पोटात घ्यायचा. नायलॉन काही पोटात घेत नाही, जसंच्या तसं मणक्याला कळवतो. प्रतापनगरच्या पुलावरचा एक एक जोड आता मी डोळे मिटून सांगू शकेन. रबराचं तसंही हल्ली कठीणच आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून मी या गाडीचे जुने होज एकेक करून बदलतो आहे, आणि घरात पेट्रोलचा वास आला की गॅस सिलिंडर तपासण्याआधी सगळे माझ्याकडे बघतात.

भाचा आमचा मॉडिफिकेशनवाला. "मामा, हिला लोअर करू. अलॉय घालू, एक्झॉस्ट फ्री-फ्लो करू. तिकडे युरोपात लोक या मॉडेलला काय काय करतात बघ." त्याने फोनवर दाखवलेली ॲस्ट्रा जमिनीपासून इतकी खाली होती की तिच्याखालून आमच्याकडचं वर्तमानपत्र सरकलं नसतं. बडोद्याच्या स्पीडब्रेकरवर ती आयुष्यभर तराजूच्या दांडीसारखी डुलत राहिली असती. मी त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं आहे, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येणार नाही.

"मग हे काय?" त्याने डॅशबोर्डकडे बोट दाखवलं.

हॉर्न स्टिअरिंगवर वाजेनासा झाला तेव्हा उस्तादांनी तिथे दाराच्या घंटीचं पांढरं बटण बसवलं होतं. दाबलं की पाहुणे आल्याची भावना होते. रेडिएटरच्या पंख्याचा सेन्सर दमला, म्हणून त्याला घरातल्या ट्यूबलाइटचा असतो तसला खटका आहे. काटा चढला की ही शेजारून खटका टाकते. पुढच्या एका काचेला विंडो स्विच एका कंपनीचा, दुसऱ्या काचेला दुसऱ्या कंपनीचा, आणि दोन्ही उलटे : खाली दाबलं की काच वर. भाच्याला मी समजावलं, की हौसेने केलं तर ते मॉडिफिकेशन, नाइलाजाने केलं तर दुरुस्ती. त्याने हे कोर्टात टिकेल का विचारलं. आरटीओत टिकलं नाही एवढं मी जाणतो. रिन्युअलला घंटीचं बटण उतरवून मूळ हॉर्न उसना बसवून न्यावा लागला.

रिन्युअल म्हणजे पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी आपली गाडी जिवंत आहे हे सरकारला पटवून देणं. पूर्वी त्याला ६०० रुपये पडत. एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना १०,००० करून टाकले. गाडीची किंमत उतरत जाते आणि फी चढत जाते. या दोन रेषा कुठे छेदतील ते मी एकदा कागदावर काढून पाहिलं आणि कागद फाडला. गंमत म्हणजे हीच गाडी पन्नास वर्षांची झाली की सरकारच तिला 'व्हिंटेज' म्हणणार, नंबरात 'व्हीए' अशी मानाची अक्षरं देणार. म्हणजे पंधरा ते पन्नास एवढीच मधली पस्तीस वर्षं काढायची आहेत. त्या काळात ती ना नवी ना जुनी, नुसती अडचण.

व्हिंटेज म्हणजे काय थाट असतो ते जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात पाहिलं. संस्थानिकांच्या गाड्या, पितळेचे दिवे, पांढरे हातमोजे घातलेली माणसं पुन्हा पुन्हा तेच मडगार्ड पुसताहेत. परीक्षक बॉनेटमध्ये डोकं घालून सगळं मूळचंच आहे ना ते बघत होते. मी मनात घंटीच्या बटणाचा विचार केला आणि पुढे सरकलो. बाहेर पार्किंगमध्ये आलो तर एक गृहस्थ मुलाला माझ्या ॲस्ट्राशेजारी उभा करून फोटो काढत होते. "ही कोणत्या महाराजांची हो?" त्यांनी विचारलं. मी चावी खिशातच ठेवली आणि ते जाईपर्यंत थोडा लांब उभा राहिलो. तेवढा मान तिला मिळू द्यावा म्हटलं.

ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर आठवतो ना? घराच्या छपरावर चढलेली मगर सगळ्या देशाने पाहिली. अकोट्यात भाच्याच्या नव्याकोऱ्या गाडीच्या सीटपर्यंत पाणी गेलं होतं. मी त्याला फोनवर ओरडून सांगितलं, "चावीला हात लावू नकोस!" सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दबत नाही, स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. एवढं एक शास्त्र मला ॲस्ट्राने शिकवलं आहे. त्याने ऐकलं, म्हणून इंजिन वाचलं; पण सीटखालची सगळी इलेक्ट्रॉनिक्स गेली. महिनाभर नव्या गाडीवाला भाचा माझ्या जुन्या गाडीतून ऑफिसला जात होता, वायपर फिरवत. मी शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवलं.

गेल्या दिवाळीनंतर आणंदकडच्या एका गावातून निरोप आला, की एक ॲस्ट्रा कडुलिंबाखाली कित्येक वर्षं पडून आहे, भंगाराच्या भावात द्यायची आहे. माझ्यासारख्याला असा निरोप म्हणजे घबाड. दारं, काचा, दिवे, ते सगळे स्टारचे बोल्ट, शिवाय दोन्ही मूळचे बुश. मी टेम्पो करून ती आणली. मागच्या सीटवर कोंबडीने घर केलं होतं, ते तेवढं गावातच सोडलं.

"अहो, ही कोण?" ही दारात उभी.

"हिचे फक्त पार्ट काढायचे आहेत. आपल्या गाडीला जन्माची ददात मिटली."

"आणि पार्ट काढल्यावर उरेल ते?"

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याच हौशी माणसाकडे उत्तर नसतं, म्हणून मी उस्तादांना फोन लावला. ते आले, दुसरीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढून बोटाने तेल चोळलं, वास घेतला. मग माझ्या गाडीची बॅटरी काढून हिला लावायला सांगितली. पोऱ्याने बाटलीतून पेट्रोल दिलं. पहिल्या सेल्फला ती नुसती खाकरली. दुसऱ्याला लागली, आणि काळा धूर ओकून झाल्यावर अशी शांत चालायला लागली की उस्तादांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला तो तसाच खाली ठेवला. हॉर्न दाबून पाहिला. स्टिअरिंगवरच वाजला.

उस्ताद माझ्याकडे वळले. डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घ्यावं तसं त्यांनी मला फाटकापर्यंत नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहब, बुरा मत मानना. ये उससे अच्छी है. पार्ट उसके निकालते हैं, इसमें डालते हैं."

आवाज त्यांना वाटला तेवढा खाली आला नव्हता. पाच मिनिटांत आतून चहा आला. दोनच कप होते. एक उस्तादांना, एक पोऱ्याला.